पडद्याची दोरी

अख्ख्या वसई तालुक्यात सुखान्ताचा मामांएवढा राग असलेला माणूस दुसरा दाखवा, मी मिशी उतरवीन. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. गिरीजला केळीची वाडी, स्वभाव लाघवी, लग्नात पंगतीला आग्रह करकरून जिलेबी वाढणार. पण नाटकाच्या शेवटी लग्न जमायची चिन्हं दिसली, की मामा चपला शोधायला लागलेच म्हणून समजा. "जावईबुवा, लग्नं आपण घरी लावतोच की! त्याला तिकीट कशाला काढायचं?" केळीला पाणी सोडताना ते मरणाचे प्रवेश खड्या आवाजात म्हणत. एकदा "आई, मी चाललो गं!" ऐकून भाजी न्यायला आलेल्या बाईने धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. डॉक्टर आलेच आहेत म्हटल्यावर मामांनी त्यांना बांधावर बसवून अख्खा प्रवेश ऐकवला!

गावच्या पूजेचं नाटक दरवर्षी मामाच बसवत आणि पडद्याची दोरीही स्वतःच धरत. नायक मेला तरी पडदा लगेच पाडायचा नाही, हा त्यांचा नियम. "माणसांना रडायला वेळ द्यावा लागतो. शहाण्यांना जरा जास्तच." एका वर्षी मंडळाचे अध्यक्ष कुरकुरले, "सणासुदीला रडारड कशाला मामा? वाचवा की नायकाला." मामा म्हणाले, "वाचवतो. पण आपलं माणूस गेलं तेव्हा ज्यांना पाहुण्यांचा चहा बघावा लागला, त्यांनी रडायचं कुठे?"

तेव्हा मी हसलो होतो. पुढे माझे वडील गेले. मी सगळं निभावलं, तेरावा उरकून वालीवच्या कारखान्यात कामावर हजर झालो. लोक म्हणाले, "काय खंबीर आहे हो!" कसला डोंबलाचा खंबीर! घास उतरत नव्हता, झोप नव्हती, बायको घाबरून गेली होती. तिने मामांना सांगितलं असावं, कारण त्या वर्षी नाटकात मुलाचं काम त्यांनी मला दिलं. मी हातापाया पडलो, मला दोन वाक्यं पाठ होत नाहीत. मामा म्हणाले, "संवादच नाही. बाप गेला, की त्याच्या नाकावरचा चष्मा काढायचा, पुसायचा, डबीत ठेवायचा. एवढंच."

पूजेच्या दिवशी पोस्टातले एक कारकून बाप म्हणून झकास मेले. मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि डबी काही मिटेना. वडिलांचा चष्मा आमच्या घरी तसाच फडताळात पडून होता, न पुसलेला. मी भर रंगमंचावर हमसून हमसून रडलो. विंगेतून सगळे खुणा करत होते, पडदा, पडदा! मामांनी दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि हळूच म्हणाले, "रड रे बाळा. घाई नाही." नाटकानंतर पंगतीत मी दोनदा मसालेभात मागून घेतला. मामांचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

गेल्या वर्षी मामी गेल्या. मामांनी सगळ्यांचा चहा बघितला, केळीला वेळेवर पाणी सोडलं, पण संवाद म्हणणं बंद झालं. यंदा पूजेच्या दिवशी काही न बोलता त्यांनी दोरी माझ्या हातात दिली आणि गावच्या नाटकाला पहिल्यांदाच प्रेक्षकांत, पहिल्या रांगेत जाऊन बसले. नायक मेला. विंगेतून खुणा सुरू झाल्या. मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. मामांनी खिशातून रुमाल काढला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. हाताला रग लागली तरी मी दोरी सोडली नाही. घाई कुणाला होती?