पाळकसाहेबांचं आमेन

समोरच्या माणसाला दमवण्यात आमच्या गावच्या पाळकसाहेबांचा हात धरणारा अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. माझं कापडाचं दुकान. आम्ही लिंगायत, चर्चशी माझा संबंध नाताळच्या केकापुरता. पण साहेबांचं बोलणं ऐकून त्यांच्या चर्चची मंडळी केव्हाच थकली होती आणि दुपारी माझ्याकडे गिऱ्हाईक नसायचं. ते गादीवर मांडी ठोकून बसत आणि युरोपातल्या विद्वानांनी गेल्या तीन-चारशे वर्षांत देवाचं काय काय केलं ते मला सांगत. "आप्पा, तत्त्वज्ञान ही पूर्वी धर्मशास्त्राच्या घरची मोलकरीण. एक दिवस तिनं मालकिणीलाच सातबारा मागितला. तवापासून मालकीण तलाठ्याकडं खेटे घालतीय." मी सुटका व्हावी म्हणून "बरोबर आहे" म्हणे. लगेच साहेब सरसावत, "कावून बरोबर हाय?" चहात साखर किती, एवढं विचारलं तरी माणसाची इच्छा मुळात स्वतंत्र आहे का, इथून सुरुवात होई आणि चहा निवून जाई.

त्यांच्या लोकांत बोअर घेण्याआधी पाळकाला शेतात नेऊन प्रार्थना करून घेतात, आम्ही नारळ फोडतो तशी. एकदा युसूफ वडगाव या गावच्या शिवारात मीही बरोबर होतो. बोअरची गाडी उभी, ड्रायव्हर कावलेला, आणि साहेब डोळे मिटून म्हणतायत, "हे प्रभू, पाणी असेल तर ते आहेच, नसेल तर आमच्यासाठी तू निसर्गाचे नियम मोडावेस असा आमचा आग्रह नाही..." शेतमालक कळवळून म्हणाला, "साहेब, आमेन म्हणायच्या आधी पाणी तरी मागा की!" पाणी लागलं, पण मंडळीत साहेबांच्या बदलीची भाषा सुरू झाली ती तेव्हापासून.

मग चर्चमागे राहणाऱ्या एका मावशींचं दुखणं निघालं. त्यांचा एकुलता एक लेक अपघातात गेलेला; आता त्याही अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांनी साहेबांना एकच विचारलं होतं, "माझा लेक मला भेटंल का?" आठवडाभर साहेब माझ्या गादीवर बसून तोच प्रश्न उलटसुलट करत राहिले. शेवटी मीच वैतागलो. "हो म्हणा की! तुमचं काय जातंय?"

"आप्पा, माझा विश्वास हाय, पण मला ठाऊक न्हाई. मरणाऱ्या बाईला ठाऊक हाय म्हणून कसं सांगू?"

त्यांनी मावशींना नेमकं हेच सांगितलं. मावशींनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. तरी साहेब रोज जाऊन उशाशी बसत. बोलत नसत, हे मला सांगूनही खरं वाटलं नसतं. मी डोळ्यांनी पाहिलं.

मावशी गेल्यावर घरच्यांनी दफनविधीला अंबाजोगाईहून दुसरे पाळक आणले. त्यांनी कबरीपाशी उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं की मायलेकरांची भेट झालीच आहे. आमचे साहेब मागे, माझ्याजवळ उभे होते. सगळ्यांत मोठ्यानं आमेन त्यांनीच म्हटलं.

परतताना मी विचारलं, "म्हणजे पटलं तुम्हाला?"

ते खूप दमलेले दिसत होते. "पटलं न्हाई, आप्पा," ते म्हणाले. "पण त्यांचं खरं निघावं आन् माझं खोटं पडावं, असं लई वाटतंय."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याशी वाद घालावा, त्यांना हरवून दाखवावं, असं मला फार वाटलं. पण पुढच्याच महिन्यात त्यांची बदली झाली.