पाटीवाला की लंगडीवाला

बास्केटबॉलमध्ये एका बाजूला पाच खेळाडू असतात. त्यातल्या चौथ्याला पॉवर फॉरवर्ड म्हणतात. पुलगावच्या आमच्या सिमेंटच्या कोर्टवर त्याला नुसतं ‘चार नंबर’ म्हणायचे. बास्केटखाली धक्के खायचे, उडालेला बॉल दोघा-तिघांच्या हातांतून ओढून काढायचा, आणि वेळ आली तर लांबून नेमही धरायचा. कामं सगळी याची आणि टाळ्या दुसऱ्याला. माझा मोठा भाऊ चार नंबर खेळायचा. मला त्यानंच शिकवलं, त्यामुळे मीही चार नंबरच झाले. कॉलेज संपलं, लग्न झालं, आर्वीच्या बस स्टँडवर कंट्रोलरची नोकरी लागली आणि माझा खेळ सुटला. वाद सुटला नाही.

वाद असा, की जगातला आजवरचा सगळ्यात मोठा चार नंबर कोण?

भाऊचा पाटीवाला. बास्केटच्या मागच्या बोर्डाला आम्ही पाटी म्हणायचो. हा अमेरिकेतला उंच, शांत माणूस बाजूला उभा राहून बॉल पाटीवर टेकवायचा आणि तो तिथून गपकन जाळीत पडायचा. ओरडणं नाही, छाती बडवणं नाही. चेहरा रेशनच्या रांगेत उभा असल्यासारखा. भाऊला तो का आवडायचा हे सांगायला नको. भाऊही पाटीवरूनच टाकायचा.

माझा लंगडीवाला. तोही उंच, पण युरोपातून आलेला. एका पायावर मागे झुकून बॉल सोडायचा, अगदी लंगडी घालतो आहे असं वाटायचं. कोणाला तो अडवता आला नाही. त्यांची खरी नावं आम्हाला माहीत होती, पण घरात ती कधी कोणी घेतली नाहीत.

अमेरिकेतल्या मॅचा आपल्याकडे सकाळी लागतात. मॅच संपली की भाऊचा फोन यायचा, नेमका माझ्या ड्यूटीच्या वेळी. एका हातात माईक, एका कानाला फोन. नागपूर गाडी फलाट तीनवर लावायची आणि लगेच भाऊला उत्तर द्यायचं.

“तुहा लंगडीवाला डिफेन्स कुठं करते वं? झाडासारखा उभा राह्यते.”

“अन् तुहा पाटीवाला चार नंबर हायेच कुठं? तो तं पाच नंबर. सेंटर. उगाच चारमंधी घुसवून राह्यला तू त्याले.”

हे शेवटचं वाक्य मी राखून ठेवायचे. त्यावर भाऊ हमखास भडकायचा. “कोन म्हन्ते पाच नंबर? काऊन पाच नंबर? खेळली हायेस ना तू? का नुसत्या गाड्या सोडल्या?” मग मागून वहिनीचा आवाज, “पोहे थंड होऊन राह्यले, त्या दोघायले घरी बोलवा जेवाले!” अमेरिकेतले ते दोघं जणू शेजारच्या नाचणगावच्या रस्त्यालाच राहतात, असं वहिनीचं बोलणं असायचं.

आमच्या कोर्टचा एक नियम होता. वादात ज्याला दुसऱ्याचं पटलं, त्यानं बास्केटसमोर, जिथून कोणी न अडवता बॉल टाकायला मिळतो त्या फ्री थ्रोच्या रेषेवर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘मानलं’ म्हणायचं. चहाच्या टपरीवर, रस्त्यात, घरी म्हटलेलं धरत नसत. लोक टपरीवर हो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी कोर्टवर फिरायचे, म्हणून जुन्या खेळाडूंनी हे ठरवलं होतं. दिवाळीत मी माहेरी गेले की भाऊ मला मुद्दाम रेषेवर नेऊन उभं करायचा. “म्हन वं, म्हन.” मी म्हणायचे, “आधी तू.” मग दोघंही घरी.

भाऊ खर्रा खायचा. विदर्भात निम्मे पुरुष खातात. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घ्यायचा आणि दिवसभर गालात धरायचा. मी भांडले, वहिनी भांडली, उपयोग झाला नाही. जिभेच्या कडेला फोड आला तो त्यानं लपवला. जेवताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा वहिनीनं मला फोन केला. मी रजा टाकली आणि त्याला नागपूरला नेलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अर्धी जीभ काढावी लागेल.

भाऊनं एकच विचारलं, “बोलता येईन?”

“घरच्यांना कळेल इतपत. सरावानं.”

भाऊ उठून बाहेर गेला. जगायचं किती, जेवायचं कसं, हे त्यानं विचारलंच नाही. पुढचे काही दिवस तो ऑपरेशनला नाहीच म्हणत होता. “जीभ नाई तं मी कायचा?” वहिनी रडायची. मला रडून काही होईल असं वाटत नव्हतं. मी म्हटलं, “जीभ ठेवून सरणावर जातो का? तिथं कोनासंग भांडशीन?” मग तो तयार झाला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याला हिरवे कपडे घालून कॉटवर बसवलं होतं. वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. भाऊनं मला जवळ बोलावलं.

“बाई, ऐक. तुहा लंगडीवालाच मोठा. मानलं.”

हे ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. पण भाऊ मानणाऱ्यांतला नव्हता. त्यानं मानलं, म्हणजे त्याला परत यायची खात्री नव्हती. जाण्याआधी तो मला काहीतरी देऊन टाकत होता, आणि मला ते नको होतं.

मी म्हटलं, “हे धरत नाई. कोर्टवर येऊन म्हनजो.”

“तिथं कसा म्हनन मी?”

“ते तू पाह्य.”

तो हसला. “लय हरामी हायेस वं तू.”

त्याच्या तोंडून मला नीट कळलेलं हे शेवटचं वाक्य. तेवढ्यात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला.

भाऊ वाचला. घरी आला तेव्हा त्याचं बोलणं तोंडात पाणी धरल्यासारखं होतं. वहिनीला अर्धं कळायचं, मला त्याहून कमी. फोनवर तर काहीच नाही. त्यानं फोन करणं सोडलं. मग मी करायला लागले. मॅच संपली की स्टँडच्या मागे जाऊन उभी राहायचे आणि एकटीच बोलायचे. मुद्दाम खोडसाळ बोलायचे. पाटीवाल्याला फ्री थ्रोसुद्धा धड जमत नव्हते. पाटीवाला पाच नंबर होता. ऐकून राह्यला का? पाच! पलीकडून नुसता श्वास यायचा. मग वहिनी फोन घ्यायची आणि म्हणायची, “ताई, ते उठून गेले.”

दिवाळीत गेले तर भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेला. मोबाईलवर मॅच लावून दिली, त्यानं पाहिली नाही. मी म्हटलं, “चाल कोर्टवर. तुहं ‘मानलं’ म्हनाचं राह्यलं.” वहिनी माझ्यावर ओरडली, “तुम्हाले काही मन हाय का, ताई?” मी स्कूटी काढली. भाऊ माझ्या मागे बसला. इतका हलका, की वळणावर तो मागे आहे की नाही हे बघावं लागत होतं.

कोर्टवर त्याच्या वेळचे दोन-तीन जण पायरीवर बसले होते. एक पुलगावच्या मिलमध्ये असायचा, आता केस पांढरे. काही न विचारता त्यांनी बॉल भाऊकडे दिला. भाऊ फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं, एक आवाज काढला. कोणाला काही कळलं नाही. मलाही नाही. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. मग तोंड मिटलं.

मला वाटलं, आपण हे करायला नको होतं.

भाऊ रेषेवरून निघाला आणि बाजूला, तिरप्या कोनात त्याच्या जुन्या जागेवर जाऊन उभा राहिला. दोन्ही हातांनी, लहान पोरं टाकतात तसा, खालून बॉल टाकला. बॉल पाटीवर आपटला. खाडकन आवाज झाला. रिंगला स्पर्शही न करता बाहेरच पडला आणि घरंगळत मिलवाल्याच्या पायांशी गेला. भाऊनं माझ्याकडे तोंड वळवलं आणि हात वर केला. अंगठा दुमडलेला, चार बोटं ताठ.

चार. पाच नाही.

“नाई मानलं बे यानं!” मिलवाला ओरडला. सगळे हसले. भाऊही हसला, तोंड वाकडं करून. लाळ गळली ती त्यानं रुमालानं पुसली.

त्यानंतर फोनवर त्याचा श्वास जास्त वेळ यायला लागला. मी चिडवलं की तो घशातून आवाज काढायचा. मला शब्द कळत नसत, राग कळायचा. तेवढं मला पुरत होतं. थंडी सरता सरता मानेत गाठ आली. यावेळी डॉक्टरांनी काढू या असं म्हटलं नाही. उन्हाळा लागायच्या आधी भाऊ गेला.

तेरवी झाली. पाहुणे गेले. वहिनी गहू निवडत बसली होती, मी निघायच्या तयारीत. ताट खाली ठेवून ती म्हणाली, “ताई, तुमचंच बरोबर होतं. तो एका पायावालाच मोठा.”

तिनं एक मॅच कधी पूर्ण पाहिली नव्हती. मला बरं वाटावं म्हणून म्हणत होती. माझं डोकंच फिरलं.

“असं लगेच काऊन मानता, वहिनी? तुम्हाले काय माहीत?”

मग मी तिला पाटीवाल्याचं सगळं सांगितलं. तो समोरच्याला कसा थोपवायचा, सोबतच्यांना कसं खेळवायचा, हरतानाही चेहरा कसा बदलायचा नाही, आणि किती वेळा जिंकला. भाऊ सांगायचा त्याच क्रमानं, त्याच्याच शब्दांत. कुठे आवाज चढवायचा तेही मला पाठ होतं. वहिनी गव्हावर हात ठेवून ऐकत होती.

“हे म्हनायचे का ते?” तिनं विचारलं. “अन् याच्यावर तुम्ही काय म्हनत होत्या?”

माझं उत्तर ठरलेलं होतं. तो चार नंबर नव्हताच, पाच नंबर होता. मी तोंड उघडलं, पण मला ते म्हणता आलं नाही. पर्स घेतली आणि आर्वीची गाडी निघेल म्हणून उठले. गाडीला अजून बराच वेळ होता. वहिनीला ते माहीत होतं.