न भरलेल्या सभेतल्या सह्या

हा तपास लागला तो शिरोळ तालुक्यातल्या एका मावशींमुळं. कुणाचं नाव इथं घेणार नाही, पण आधी त्यांचे उपकार मानतो, मग घटना सांगतो. इतकी वर्षं झाली, तरी ती मनातून जात नाही.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. शाळा सातवीत सुटली आणि पोलिसात भरती झालो तो थेट कोल्हापुरात. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट, तेव्हा मी हवालदार होतो. जबाब लिहायचा म्हटलं की साहेब चुका काढतील म्हणून आधी कच्च्या कागदावर लिहून बघायचो.

मावशी तक्रारी अर्ज घेऊन ठाण्यात आल्या. त्यांची बौद्ध वस्ती नदीकाठी, पुराचं पहिलं पाणी त्यांच्याच घरांत. उंचावरचं गायरान या घरांसाठी राखलेलं होतं. ते सरपंचांच्या नात्यातल्या एका संस्थेला द्यायचा ठराव ग्रामसभेनं केला होता, आणि हजेरीत मावशींची सही होती.

"त्या दिवशी मी लेकीकडं नेसरीला गेलते. सभंला बसले कवा? ही सही खोटी हाय."

अर्ज चौकशीसाठी माझ्याकडं आला. सभेचं रजिस्टर ताब्यात घेतलं. ग्रामसेवकांचं एकच पालुपद, सभा झाली, कोरम भरला. मग पंचायतीच्या शिपायाला वेगळं बसवलं. चहा दिला आणि गप्प राहिलो. दरडावलं की माणूस तोंड मिटतो. आपण गप्प बसलो की त्यालाच राहवत नाही.

"हवालदार, सभा कुठली घेऊन बसलायसा?" तो शेवटी म्हणाला. "वही घेऊन मीच घरोघर फिरतो. लोकच म्हणत्यात, बोलवू नगंस, हितंच सही घे. ह्या मावशीचीबी घेतली की, नेसरीसनं आल्यावर."

सही पडताळली. मावशी साक्षरता वर्गात सही शिकलेल्या. शेवटचं अक्षर ओळीखाली उतरायचं. रजिस्टरातही तसंच होतं. सही खरी होती.

मी घाबरलो. अर्ज खोटा ठरला तर जागा जाणार. सरपंच तर ठाण्यातच येऊन बसले.

"पावणं, तुम्ही लांबचं, हितली रीत तुम्हाला ठावं न्हाय. दवंडी दिली तरी धा माणसं येत न्हाईत. मी एकट्यानंच लोकशाही चालवू व्हय?"

मावशींना बोलावून सरपंचांसमोरच रजिस्टर दाखवलं. त्यांनी सहीच्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं.

"सही माझीच हाय," त्या म्हणाल्या. "भाकरी थापता थापता केली, न वाचता. ती माझी चूक. पर न झालेली सभा झाली म्हणून लिवलं, ती तुमची, सरपंच. हवालदार, दोन्ही लिवा."

"मावशी, अर्जात तुम्ही खोटी सही म्हटलंय. तुमच्यावरच शेकेल."

"शेकू दे. घरात पाणी शिरतंय त्ये काय कमी हाय?"

मी दोन्ही लिहिलं आणि वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी वस्तीतली, मग गावातलीही माणसं आली. आमच्या सह्या दारातच घेतल्या, सभेला आम्ही नव्हतो, असे जबाब त्यांनी दिले. ठराव रद्द झाला, जागा वस्तीकडं राहिली. खोट्या नोंदीबद्दल सरपंच आणि ग्रामसेवकांवर गुन्हा दाखल झाला.

पण खरं सांगायचं तर मीही कित्येक पंचनाम्यांवर पंचांच्या सह्या वाचून न दाखवताच घेतल्या होत्या. पंचांना घाई, मलाही घाई. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक पंचनामा पंचांसमोर मोठ्यानं वाचला. घाईत असलेल्यांनाही थांबवून ऐकवला.

जाताना मावशींनी विचारलं होतं, "तुमच्या गावच्या सभंला बसलायसा कधी?"

नाही बसलो. निवडणूक असो की सभा, माझा बंदोबस्त कायम दुसऱ्यांच्या गावात. आमच्याकडं मोहाच्या झाडाखाली सतरंजी टाकून सभा भरते, वडील हात वर करून प्रश्न विचारायचे, एवढं लहानपणचं आठवतं. निवृत्तीनंतरही मुलांपायी इथं कोल्हापुरातच राहिलो. जीव मात्र तिकडं ओढतो.

मावशी, मी परत जाणार आहे. गावच्या मतदार यादीत नाव घालीन, त्या सतरंजीवर बसेन, ठराव वाचून मगच सही करीन. तुमचे उपकार मी असेच फेडीन.