मी मोडलेलं पस्तान

राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचन सामानाबरोबर येणाऱ्या पुड्यांच्या कागदांवर झालं. लिहिताना चुकलं तर चालवून घ्या, पण बोलायचं ते बोलणारच.

माझी लेक शिडाच्या नावेवर कप्तान आहे. वरवंडजवळच्या आमच्या गावात हे सांगितलं की माणसं आधी हसतात, मग विचारतात, म्हंजी बोटीवर नोकरी का? नोकरी नाही बाबांनो. नाव वाऱ्यावर चालते. इंजिन असतं, पण ते बंदरात शिरण्या-निघण्यापुरतं. कॉलेजात एनसीसीत असताना तिला शिडाची गोडी लागली. पुढं कुरकुंभला औषधाच्या कंपनीत तीन पाळ्यांत राबली आणि प्रत्येक सुट्टी मुंबईला जाऊन लोकांच्या शिडाच्या नावांवर काढली. असं करत करत कप्तान झाली. गेल्या वर्षी ठरलं की कोचीहून मालदीवला जायचं. ती आणि सोबत दोघं. चार-पाच दिवस जमीन दिसायची नाही.

निघायचं कधी हे ती कसं ठरवते, ते मी दिवाळीत तिच्याकडून नीट समजून घेतलं. ती पावटा सोलत होती आणि मी प्रश्न विचारत होते. पावसाळा सरला की समुद्र निवतो, पण दिवाळीनंतर महिनाभर त्याचा भरवसा नाही. मधेच कमी दाबाचा पट्टा होतो, त्याचं वादळही होऊ शकतं. म्हणून ती तारीख धरतच नाही. रोज तीन ठिकाणचा अंदाज बघते, आणि तिन्हींत पुढचे पाच दिवस बरे दिसले तरच निघते. त्यातही नावेवरच्या तिघांपैकी एक जण 'आज नको' म्हणाला तर कारण विचारायचं नाही, त्या दिवशी थांबायचं. मी विचारलं, निघाल्यावर वाराच पडला तर गं? तर म्हणाली, "म्हणून पाणी आन् खाणं दहा दिवसांचं घ्यायचं, आई."

इतकं साधं आहे. मला कळलं, पण आमच्या थोरल्या दिरांना, आप्पांना, कळलं नाही.

आमचे हे गेल्यापासून घरात शब्द आप्पांचा. माणूस वाईट नाही, अडीनडीला उभा राहतो, हेही लिहिते. पण त्यांना यंदा ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं, आणि पुतणी समुद्र ओलांडणार हे त्यांना आयतंच सापडलं. ती कोचीला पोचल्यावर त्यांनी गुरुजींकडून मुहूर्त काढला, गुरुवारचा. लगेच हायवेच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. 'सागरी सफरीस हार्दिक शुभेच्छा', खाली गुरुवारची तारीख. लेकीचा फोटो पासपोर्टएवढा, आप्पांचा दाराएवढा.

लेकीनं कळवलं, गुरुवारी जमणार नाही, अजून अंदाज जुळत नाहीत. तर आप्पा म्हणाले, मग पस्तान ठेवू.

नव्या पोरींना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. पुस्तकात प्रस्थान म्हणतात, आम्ही पस्तान. मुहूर्तावर निघणं जमत नसेल तर जाणाऱ्याचं एखादं वस्त्र घ्यायचं, त्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या दुसऱ्याच्या घरी ते गाठोडं ठेवायचं. म्हणजे माणूस मुहूर्तावर निघाला असं धरतात. पण आमच्यात त्याला पाचच दिवस. पाच दिवसांत खरोखर निघालंच पाहिजे, आणि गाठोडं परत घरी आणायचं नाही. आणलं तर प्रवास मोडला, अपशकुन झाला.

तिची पिवळी ओढणी मी दिली. हळदीकुंकू लावून गाठही मीच मारली. हे लपवत नाही, कारण निम्मा राग माझा माझ्यावरच आहे.

दक्षिणेला घर शिंपीकाम करणाऱ्या चाचांचं. चार पिढ्या आमच्या शेजारची माणसं. चाचांनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं आणि आप्पांना विचारलं, "पोरीला इचारलंय न्हवं?"

आप्पा म्हणाले, तिच्यासाठीच तर ठेवतोय, तिला काय विचारायचं.

चाचा माझ्याकडं बघत राहिले. मी खाली बघितलं.

तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. लक्षद्वीपच्या खाली पट्टा तयार होतोय, कुठं वळेल ते तिन्ही ठिकाणचे तीन तऱ्हेनं सांगतायत, आम्ही थांबतोय. मी जाऊन आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, यवतपर्यंतची माणसं विचारतायत निघाली का म्हणून, मी काय तोंड दाखवू? मी म्हटलं, आहे तेच दाखवा, फ्लेक्सवर दाखवलंय की. त्यांना ते आवडलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी अंगणात पंधरा-वीस माणसं चहाला बसलेली. आप्पांनी सगळ्यांसमोर फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ती सांगायला लागली की आप्पा, अजून हवा... त्यांनी पुढचं ऐकलंच नाही.

"पस्तान ठिवलंय तुझं, आज पाचवा दिस हाय. तुझ्या बापाच्या जागी हाय मी. गावात माझी मान खाली घालाया लावू नगंस."

ती म्हणाली, "बरं आप्पा. बोलते दोघांशी."

आप्पा खूश झाले, माणसंही. पण तो 'बरं' मी ओळखते. लहानपणी नको असलेला घास ती त्याच 'बरं'नं गिळायची. जी पोरगी नावेवर दोघांचे जीव सांभाळते, ती चुलत्यापुढं मान तुकवणार होती. आणि ती निघते म्हणाली की ते दोघं तिच्या शब्दावर हो म्हणणार होते.

मला आमचा नावाडी आठवला. माझं माहेर शिरूर तालुक्यात, भीमेच्या पलीकडच्या काठाला. लग्नाच्या पहिल्या वर्षी पंचमीला माहेरी निघाले, सोबत सासरे. नदी गढूळ, वर चढलेली. नावाडी म्हणाला, आज न्हाई. सासऱ्यांनी जंग जंग पछाडलं, अद्वातद्वा बोलले, सणाचा दिवस चाललाय म्हणाले. तो नाव उलटी करून तिच्यावर बसला आणि विडी ओढत राहिला. माझी पंचमी अलीकडच्या काठावर गेली. मी त्या माणसाला दिवसभर मनात शिव्या घातल्या. आज वाटतं, पाया पडायला हवं होतं.

तर मी उठले आणि तडक चाचांच्या घरी गेले. म्हटलं, गाठोडं द्या. त्यांनी वरच्या फळीवरून काढलं, कशाला म्हणून विचारलं नाही. चाची एवढंच म्हणाली, "पदर नीट घ्या वहिनी, लोक बघत्यात." पदर खोचला आणि तशीच परत आले. अंगणात सगळ्यांच्या मधे ओट्यावर ते ठेवलं आणि गाठ सोडली. मग माझ्या फोनवरून लेकीला लावला.

म्हटलं, "पस्तान मोडलं मी. आता तुझ्यावर कुणाचा दिस न्हाई. तू वाऱ्याचं बघ."

तिनं श्वास सोडलेला मला ऐकू आला.

आप्पा मला काय बोलले ते इथं लिहीत नाही. विधवा बाईनं हे करावं का, असा त्याचा अर्थ. कुणी एक जण मधे पडला नाही. चहा मात्र सगळ्यांनी संपवला.

आता रागाचा खरा भाग सांगते. तो पट्टा विरला. वादळ नाही, काही नाही. पश्चिमेकडं गेला आणि दोन दिवसांत संपला. आप्पा मोबाईलवर बातमी घेऊनच दारात आले, म्हणाले, निघाली असती तर एव्हाना निम्म्या वाटेवर असती. तेव्हापासून गिरणीत, पारावर, जिथं जाईन तिथं तेच. उगीच मोडलं बाईनं. उगीच!

भीमाही त्या दिवशी संध्याकाळी उतरली होती. म्हणून सकाळी नावाडी चुकला होता का? सकाळी जे दिसतं त्यावरच सकाळी ठरवायचं असतं. वादळ आलं असतं तर मी शहाणी, नाही आलं तर मी खुळी, हा कुठला न्याय? माझी पोरगी बुडून दाखवल्याशिवाय माझं म्हणणं खरं ठरणार नव्हतं, आणि हे बोलणाऱ्यांनी एकदाही तिन्ही ठिकाणचं सोडा, एका ठिकाणचाही अंदाज बघितला नव्हता.

पुढं ती निघाली, गुरुजींना न विचारता. मला मेसेज, "निघतोय. तिघंही हो म्हणाले." दुसऱ्याच दिवशी वारा पडला, दीड दिवस नाव जागच्या जागी डुलत राहिली. पाच दिवसांचे सात झाले. दहा दिवसांचं पाणी होतं, तरी ते सात दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. पोचल्यावर फोन आला तेव्हा पहिल्यांदा भांडले, मग रडले.

फ्लेक्सवर तारखेच्या जागी पट्टी चिकटली, 'यशस्वी'. आप्पांचा फोटो होता तेवढाच राहिला.

त्याच आठवड्यात ते घरी जेवायला आले. मोडलेल्या पस्तानाचे तांदूळ पाखरांना टाकतात, घरात शिजवत नाहीत. मी टाकले नव्हते, डब्यात ठेवले होते. ते आमच्या तांदळात मिसळून भात केला. आप्पांनी आमटी-भात कालवला, बरा झालाय म्हणाले. तेव्हा मी सांगितलं, त्यात कुठले तांदूळ आहेत ते.

त्यांचा हात ताटातच थांबला. मी भातवाढी घेऊन समोर उभीच राहिले.

"पुढच्या खेपेला तिला इचारा," मी म्हटलं. "आधी."

खाल्ला त्यांनी. ताट स्वच्छ केलं आणि हात धुऊन गेले. लेक फेब्रुवारीत परतीला निघायची आहे. अजून त्यांनी मला तारीख विचारलेली नाही, आणि तिलाही ती ठाऊक नाही.