गेटवरची वाळवणं

राग कायम माझ्या नाकाच्या शेंड्यावर. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा तर विचारूच नका. युनियन केली म्हणून अंबडच्या कारखान्यानं आम्हा बायकांना बाहेर काढलं होतं आणि आम्ही गेटसमोर मांडव घालून धरणं धरलं होतं. मांडव भरलेला दिसत होता तोवरच मालक बोलणी करणार होता. तो रिकामा झाला की आमच्या नोकऱ्या गेल्यातच जमा.

चैत्र लागला आणि मांडव रिकामा व्हायला लागला. कोणी म्हणे, "ताई, गहू भिजत घातलेत." कोणी म्हणे, "सासूबाई एकट्या कशा करतील?" कुरडयांचे गहू एकदा भिजवले की वेळेवर वाटावेच लागतात, नाहीतर नासतात. हे मलाही कळत होतं, तरी मी सगळ्यांना फैलावर घेतलं. "पोटावर पाय आलाय आणि तुम्हाला कुरडया सुचतात?" दुसऱ्या दिवशी आणखी काहीजणी आल्या नाहीत.

आमच्यात सर्वांत वडीलधाऱ्या होत्या सटाण्याकडच्या आक्का. त्या सकाळी रिक्षातून उतरल्या त्या मोठं पातेलं, सोऱ्या आणि गव्हाच्या चिकाचा डबा घेऊनच. मांडवामागे त्यांनी तीन दगडांची चूल मांडली.

"आक्का, हे धरणं आहे की वाळवण?" मी विचारलं.

"दोन्ही शे," त्या म्हणाल्या. "तू आधी चीक हाट."

चीक हाटता हाटता माझे हात भरून आले. मग गरम चीक वाटीत घेऊन, वर तेल घालून, कित्येक दिवसांनी मी चव घेत खाल्लं. बंदोबस्तावरच्या हवालदारानंही वाटी पुढे केली. कुंपणालगत जुन्या साड्यांवर कुरडया पसरल्या, तर मालकाचा वॉचमन आतून कावळे हाकलायला लागला. बातमी घरोघर गेली आणि बायका आपापला चीक घेऊन परतल्या. कुणाकुणाच्या सासूबाईही आल्या. हसण्याखिदळण्यानं मांडव पुन्हा गच्च झाला.

आक्कांनी आणखी एक नियम केला. दुपारी घोषणा बंद, सगळ्यांनी आडवं व्हायचं. मला ते पटेना. मालक म्हणेल, ह्या इथे झोपा काढायला बसल्यात.

"म्हनू दे. नीट झोपशी ते लढशी, माय," असं म्हणून त्यांनी माझं डोकं सरळ मांडीवर ओढून घेतलं.

मी गाढ झोपले. दोन हजारनंतर मी पाण्याच्या आणि रेशनच्या कितीतरी मोर्च्यांत गेले, रागही तसाच राहिला, पण करपले नाही. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणी दमून घरी बसल्या, मी टिकले. त्या मांडीची मी जन्माची ऋणी आहे.

उन्हाळाभर मांडव भरलेला राहिला आणि शेवटी मालकानं गेट उघडलं. सगळ्यांना आत घेतलं, फक्त आक्कांना वय झालं म्हणून वगळलं. माझं डोकंच फिरलं. मी तिथेच गेटसमोर आडवी पडायला निघाले.

आक्कांनी दंड धरला. "आज नही. आज घर जाय, पोरले कुशीमा ले. उद्या बठसूत."

मी घरी गेले. माझी लेक कित्येक दिवसांनी माझ्या हातावर डोकं ठेवून झोपली.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटली तशा आम्ही एकूण एक जणी मांडवात येऊन बसलो. आक्का मध्यभागी होत्या. ऊन मी म्हणत होतं, बसल्या बसल्या त्यांना डोळा लागला. थोड्याच वेळात गेट किलकिलं झालं आणि मॅनेजर स्वतः बाहेर आला. आक्कांबद्दल बोलायचंय, म्हणाला. बायका घोषणा द्यायला उठल्या, त्यांना मी हातानंच खाली बसवलं.

"साहेब, बसा," मी हळू आवाजात म्हटलं. "त्या उठल्या की बोलू."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं, बूट काढले आणि सतरंजीच्या कडेला बसला.