मागच्या काचेची शिलाई

माझी गाडी इटलीची आहे. लाल, दोन सीटांची, उघडी, आणि वयाने माझ्याहून मोठी. इंग्लंडमध्ये नोकरीला लागून बरीच वर्षं झाल्यावर मी ती घेतली आणि शहाणपण गहाण टाकलं. तिच्यासारख्या गाड्यांच्या मालकांचं एक मंडळ आहे. रविवारी हिरवळीवर गाड्या लावायच्या, बॉनेट उघडायची आणि एकमेकांच्या इंजिनात डोकावून माना डोलवायच्या. तिथे शिवी एकच, 'ओरिजिनल नाही'. माझ्या गाडीत सगळं ओरिजिनल होतं, फक्त कापडी हूड फाटलं होतं.

माझे वडील कल्याणला रिक्षांची हूडं शिवायचे. हे मी मंडळात कधी सांगितलं नाही. सरळ सांगायचं तर मला लाज वाटायची.

त्यांची एक पद्धत होती. नवं हूड चढवलं की ते स्वतः रिक्षात मागे बसायचे. सीटवर, मांडीवर वर्तमानपत्र पसरायचे आणि रिक्षावाल्याला वरून बादल्या ओतायला लावायचे. ज्याची रिक्षा त्यानेच ओतायचं, हा नियम. कागदावर एक थेंब दिसला, तरी ती शिलाई तिथल्या तिथे उसवायची. रिक्षावाले वैतागायचे. "अहो काका, रिक्षा आहे, पाणबुडी नाय." वडील ओला कागद घडी करून बाजूला ठेवायचे आणि कात्री मागायचे.

हूड फाटल्याचं मी फोनवर सहज बोलून गेलो. तोवर आईवडील ठाकुर्लीची चाळ सोडून ठाण्यात बाळकुमला, मी घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. वडिलांना दम लागायचा, तरी आठवड्यातून दोनदा कल्याणच्या गाळ्यावर जायचेच. ते म्हणाले, "फोटोवरून कापड बेतता येत नाही. खाकी कागदावर सांगाड्याचा खाका काढ आणि पाठव. मी शिवतो." त्यांचं मन राखायला मी पाठवला. विसरून जातील, असं वाटलं होतं.

ते विसरले नाहीत. दोन महिन्यांनी पार्सल आलं. मी एक कोपरा कापला, आत काळं कॅनव्हास पाहिलं, त्यावर पट्टी चिकटवली आणि ते गॅरेजच्या माळ्यावर टाकलं. इटलीहून ओरिजिनल कापडाचं हूड मागवून झालं होतं. मंडळात कुणी विचारलं असतं, हे कुणी शिवलं, तर मी काय सांगणार होतो?

वडिलांना सांगितलं, बसवलं, छान बसलं. ते फोटो मागायचे. मी हूड खाली केलेल्या गाडीचे फोटो पाठवायचो आणि सांगायचो, बाबा, इकडे ऊन पडलंय. इंग्लंडमध्ये सलग दीड वर्ष ऊन पडलं. ते फोटोला 'छान' म्हणायचे.

मग ते ठाण्याच्या हॉस्पिटलात गेले आणि परत आले नाहीत. शेवटचं बोलणं व्हिडिओवर झालं. आई उशाशी होती. नाकात नळी असूनही त्यांनी हूडाचंच विचारलं. "पावसात काढलेलीस का गाडी? गळलं?"

"धो धो पाऊस होता, बाबा. एक थेंब आला नाही."

 ते म्हणाले, "बरं झालं." आणि फोन आईकडे दिला. मला वाटलं, दमले.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर आईने विचारलं, "हूडाच्या मागच्या काचेची शिलाई कुणाकडून मारून घेतलीस?"

मला काही कळलं नाही. तरी तोंड गप्प बसेना. "तिकडच्याच एका माणसाकडून."

आईने कपाटातून त्यांचा पासपोर्ट काढला. त्यात कागदाच्या पुडीत वाकडी सुई होती आणि मेण लावलेला काळा दोरा. "मागची बाजू त्यांनी कच्चीच ठेवलेली. नुसता धावदोरा. म्हणाले, गाडीवर चढवल्याशिवाय ती पक्की करता येत नाही. चिठ्ठी घातलेली आत, बोलावलंस की येऊन मारतो म्हणून. तू बोलावशील म्हणून पासपोर्ट काढला." थोडं थांबून ती म्हणाली, "तुझा फोन झाल्यावर म्हणाले, धावदोऱ्यातून पाणी येणारच. त्याने पार्सल उघडलेलंच नाही. त्याला काही बोलू नकोस."

 

इंग्लंडला परत गेल्यावर पार्सल उघडलं. चिठ्ठी सगळ्यात वरच होती, मी चिकटवलेल्या पट्टीपासून वीतभर अंतरावर. मी ओरिजिनल हूड उतरवून त्यांचं चढवलं. तसूभरही कमीजास्त झालं नाही. मग मांडीवर, सीटवर वर्तमानपत्र पसरून मी आत बसलो. बादल्या ओतायला कुणी नव्हतं, आणि नियमाप्रमाणे त्या मीच ओतायच्या होत्या. म्हणून पाऊस येईपर्यंत बसलो. तिकडे फार थांबावं लागत नाही.

मागच्या धावदोऱ्यातून पाणी आलं. शर्ट पाठीला चिकटला, सीटवरचा कागद भिजला. मांडीवरचा, त्यांनी पक्क्या मारलेल्या शिलायांखालचा कागद मी उजेडात धरून नीट पाहिला, वडील बघायचे तसा. तो पूर्ण कोरडा होता.