वेताळ टेकडी, अर्ध्यापर्यंत

पूर्वी या ब्लॉगवर मी गडकिल्ल्यांबद्दल लिहीत असे, जुन्या वाचकांना आठवत असेल. आता सदुसष्टाव्या वर्षी, बायपास होऊन वर्ष उलटल्यावर, कर्वेनगरातल्या घरातून निघून कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडी चढल्याचं प्रवासवर्णन लिहितोय. हसायचं असेल तर हसून घ्या.

जायचं ठरवलं शेखसाहेबांनी. ते वारज्याला राहतात. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर पाय मारून निवृत्त झालेले टेलर. त्यांच्या हृदयात दोन स्टेंट. ऑपरेशननंतरचा व्यायामाचा बारा आठवड्यांचा वर्ग आम्ही एकाच बॅचमध्ये केला. शेवटच्या दिवशी फिजिओथेरपीच्या मॅडमनी आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करून दिला. रोज संध्याकाळी आपापल्या पावलांचा आकडा तिथे टाकायचा, एवढाच नियम.

पहिले पंधरा दिवस मी इमानदारीत चाललो. मग कंटाळा आला. लोकांना वाटतं माणूस भीतीने घरी बसतो. भीती परवडली हो, ती निदान उठवते तरी. वर्गात कुणीतरी नाडी बघायचं, शाबास म्हणायचं. घरी नुसता रस्ता, दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या आणि मी. रोज तेच. चप्पल घालायचाच शीण यायचा.

अशात एकदा मुलाने दिलेला पावलं मोजायचा पट्टा सुमनने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, सहज मनगटावर चढवला आणि ती भाजीला गेली. तिथून बहिणीकडे, तिथून भिशीला. संध्याकाळी माझ्या फोनवर आठ हजार पावलं! गंमत म्हणून मी ग्रुपवर टाकली. टाळ्याच टाळ्या. शेखसाहेबांनी लिहिलं, "देशमानेसाहेब, तुम्ही तर वाघ निघालात." दुसऱ्या दिवशी मीच म्हणालो, "अगं, पट्टा घालून जा, तुलाही कळेल किती चालतेस ते." असे तीन महिने गेले. लाज वाटत होती, पण लाजेनेही मी खुर्चीतून उठलो नाही, हे खरं.

आणि मग शेखसाहेबांचा फोन. "तुमच्या नादाने मीपण सात हजारांवर आलो. रविवारी टेकडी करू या. वर वेताळाच्या देवळापर्यंत." नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

डिसेंबर होता. थंडी ओसरू दे म्हणून साडेआठला निघालो. कर्वेनगरहून पायथ्यापर्यंत रिक्षाने जावं हे उत्तम. बस मिळते, पण उतरल्यावर गल्ल्यांमधून बरंच चालावं लागतं आणि आमच्यासारख्यांचा अर्धा दम तिथेच खर्च होतो. पायवाट सुरुवातीला सोपी आहे. पुढे सुटे दगड, बूट चांगले हवेत. वर पाणी मिळत नाही, बरोबर न्या. शेखसाहेब काठी, पाणी आणि डबाभर उकडलेले हरभरे घेऊन उभेच होते. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर लग्नाला निघाल्यासारखा उत्साह.

मॅडमनी शिकवलेला एक नियम इथे सांगतो, तुमच्याही कामाचा आहे. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की वेग कमी करायचा. पायथ्याला आम्ही भरपूर बोललो. त्यांची नात, माझं पोस्टातलं जुनं ऑफिस, हरभऱ्यात मीठ नसण्याचं दुःख.

मग चढ लागला आणि मी गप्प झालो. बोलायला श्वासच उरेना. आठ हजारवाल्याने थांबू या कसं म्हणायचं? म्हणून खाली मान घालून चढत राहिलो. मागून काठीचा आवाज येत होता. तेही गप्प होते. मला वाटलं, माणूस मजेत आहे, देखावा बघतोय.

काठीचा आवाज थांबला तेव्हा वळून पाहिलं. शेखसाहेब वाटेतच एका दगडावर बसले होते. चेहरा राखेसारखा, शर्ट घामाने चिकटलेला. मी घाईने खाली आलो.

"छातीत दुखतंय का?"

त्यांनी मान हलवली. बऱ्याच वेळाने शब्द आले. "छाती नाही. दम. तुम्ही थांबत नव्हतात ना, म्हणून..."

मी त्यांचा हात धरून बसलो. मला नाडी धड मोजता येईना, माझीच इतकी धडधडत होती. वरून काठी टेकत उतरणाऱ्या, ऐंशीच्या घरातल्या एक बाई आमच्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "बसायचंच होतं तर घरी काय वाईट होतं? वाट तरी सोडा." मग शेखसाहेबांचा चेहरा पाहून मुकाट्याने आपली बाटली पुढे केली आणि रंग परतेपर्यंत उभ्या राहिल्या.

त्या गेल्यावर मी सगळं सांगितलं. पट्टा, भाजी, भिशी, सगळं. "शेखसाहेब, मी तीन महिने चाललेलोच नाही. तुम्हाला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?" रडू आलं. येऊ दिलं.

ते खाली कोथरूडच्या इमारतींकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी तीन महिने वहिनींशी शर्यत लावत होतो."

"हो."

"आणि हरत होतो." ते हसले नाहीत. डबा मात्र माझ्यापुढे सरकवला.

वेताळ राहिला. अर्ध्यातून उतरलो, दर वळणावर बसत. पायथ्याला बिनसाखरेचा चहा घेतला आणि त्यांना वारज्याला घरापर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. सगळं ठीक निघालं, पण एकदम चढ चढल्याबद्दल बोलणी बसली.

घरी सुमनला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "म्हणजे त्या टाळ्या माझ्या होत्या?" एवढंच म्हणाली आणि पट्टा काढून माझ्यापुढे ठेवला. त्या संध्याकाळी ग्रुपवर मी सगळं खरं लिहिलं. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

कंटाळा गेलेला नाही. चप्पल अजूनही जड वाटते. पण रोज सहाला शेखसाहेबांचा फोन येतो, "निघालात का?" ते वारज्यात चालतात, मी कर्वेनगरात, फोन कानाला लावून. नियम तोच, बोलत चालायचं. काल त्यांच्या नातीच्या शाळेची गोष्ट सांगता सांगता ते मध्येच थांबले. मी जागच्या जागी उभा राहिलो.

"शेखसाहेब? शेखसाहेब!"

"आहे, आहे," ते म्हणाले. "चढ लागलाय. तुम्ही बोला."

मी बोलत राहिलो.